रणगाडा
रणगाडा : पोलादी चिलखत व तोफ असलेले, साखळीपट्ट्यांवर चालणारे लढाऊ वाहन. पहिल्या महायुद्धात खंदक, काटेरी तारा आणि मशिनगन यांपुढे पायदळ अडून पडले. त्यावर उपाय म्हणून ब्रिटनमध्ये लिंकन येथे १९१५ साली पहिला नमुना तयार झाला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ‘मार्क १’ हा रणगाडा प्रथम उतरला. सुमारे २८ टनांच्या या गाड्यात ८ सैनिक इंजिनाशेजारीच धुरात, उकाड्यात बसत. तो वळवायला चौघे लागत. वेग ताशी जेमतेम ६ किमी. फ्रान्सच्या ‘रेनो एफटी’ने (१९१७) चालक पुढे, मध्ये फिरता बुरूज व मागे इंजिन ही मांडणी रूढ केली, ती बहुतांशी आजही टिकून आहे. अहिल्यानगर येथे भारतीय लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे.