प्रक्षेप आणि वाङ्मयचौर्य

शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये रचिलेल्या ज्ञानेश्वरीचा पाठ सुमारे तीन शतकांत पाठभेदांनी अशुद्ध झाला होता. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांनी तो शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. प्रक्षेपात आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर जातात; वाङ्मयचौर्यात दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर येतात. दोहोंत शब्दाचा कर्ता व काळ पुसला जातो आणि भाषेतिहासाचा पुरावा खोटा ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड ठेविला नाही. परंतु टक्केवारी साम्य मोजते, कर्ता सांगत नाही; तो सांगण्याचे दायित्व संशोधकाचेच होय.