नावाची वाट झाली तेव्हा: जावातल्या नेस्टेड फॉर्मचा छोटासा इतिहास

विहिरींच्या पाण्याच्या नोंदी भरायला मी स्प्रिंगवर एक छोटा फॉर्म बनवला होता. एका विहिरीचे अनेक नमुने, एका नमुन्याची अनेक रीडिंग्ज, आणि 'ओळ वाढवा', 'ओळ काढा' अशी दोन बटणं. एके दिवशी तक्त्यात एक रीडिंग दिसलं: पीएच ०, नायट्रेट ०. विहिरीच्या पाण्याचा पीएच शून्य असूच शकत नाही, म्हणून चूक पकडली गेली. पण नायट्रेट शून्य असू शकतं! तो एकच रकाना असता तर ते खोटं शून्य गुपचूप माझ्या सरासरीत जाऊन बसलं असतं.

हे शून्य आलं कुठून? शोधत शोधत मी थेट नव्वदच्या दशकात पोचले.

ब्राउझर फॉर्म पाठवतो म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांची एक सरळ माळ पाठवतो. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये ही पद्धत प्रमाण म्हणून नोंदली गेली. तिच्यात यादीतली यादी ही कल्पनाच नाही. १९९७ मध्ये सर्व्हलेट आले, तेव्हा जावाच्या हातातही तेवढंच होतं: एका नावाला एक स्ट्रिंग, फार तर स्ट्रिंगचा ॲरे. मग लोक प्रत्येक रकान्याचा वेगळा ॲरे घेऊन क्रमांकाने जुळवायचे. त्यात गोम अशी की टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. एक ॲरे आखूड पडला, की तिसऱ्या ओळीची टिक दुसऱ्या ओळीला!

२००० मध्ये क्रेग मॅक्लानाहन यांनी स्ट्रट्स सुरू केलं आणि इथे खरा बदल झाला. माळ तशीच राहिली, पण नावालाच वाटेचा अर्थ आला. 'नमुने[२].नायट्रेट' म्हणजे यादीत जा, तिसरा नमुना घे, त्याचं नायट्रेट भर. हे काम करणारा भाग पुढे कॉमन्स बीनयुटिल्स म्हणून वेगळा झाला. अडचण मात्र उरली. फॉर्मचा ऑब्जेक्ट दर रिक्वेस्टला नवा, त्याची यादी रिकामी, मग तिसरा नमुना आणायचा कुठून? एक्सेप्शन यायचं. कुणी फॉर्म सेशनमध्ये ठेवायचं, कुणी मागितल्यावर आपोआप वाढणारी 'लेझी लिस्ट' वापरायचं.

स्प्रिंगनेही वाटेची हीच भाषा ठेवली. २००९ च्या स्प्रिंग ३ पासून यादी आपोआप वाढू लागली. कुणी मुद्दाम क्रमांक एक अब्ज पाठवला तर मेमरी संपेल, म्हणून वाढीला २५६ ची मर्यादाही आहे. माझं शून्य इथलंच. मी मधली ओळ काढली, फॉर्मने ० आणि २ क्रमांक पाठवले, स्प्रिंगने १ ची रिकामी जागा नव्या ऑब्जेक्टने भरली, आणि जावात 'डबल' या प्रिमिटिव्हचं मूळ मूल्य ०.० असतं. प्रत्येक पायरी नियमाला धरून, उत्तर चूक.

पण वाट म्हटली की तिच्यावरून कोणीही चालू शकतं. जावातल्या प्रत्येक ऑब्जेक्टला 'क्लास' हा गुणधर्म असतो. तिथून क्लासलोडरपर्यंत पोचता येतं, हे स्प्रिंगमध्ये २०१० ला उघड झालं आणि तो रस्ता बंद केला गेला. २०१४ मध्ये तीच खोट स्ट्रट्स १ मध्ये सापडली. २०१७ च्या जावा ९ ने क्लासला 'मॉड्यूल' हा नवा गुणधर्म दिला आणि बंद दाराशेजारी एक खिडकी उघडली. २०२२ च्या मार्चमध्ये 'स्प्रिंग फोर शेल' गाजलं ते यामुळे. फॉर्ममधल्या नावांच्या जोरावर टॉमकॅटच्या लॉगची सेटिंग्ज बदलून सर्व्हरवर स्वतःची जेएसपी फाइल लिहिता येत होती.

आज बरेच जण जेसनमध्ये डेटा पाठवतात. तिथे रचना डेटासोबतच येते, क्रमांक लिहावे लागत नाहीत, त्यामुळे मध्ये भोकं पडत नाहीत. मी मात्र फॉर्म तसाच ठेवला आणि तीन दुरुस्त्या केल्या: पाठवण्याआधी ओळींना नव्याने क्रमांक, प्रिमिटिव्हऐवजी रिकामं राहू शकणारा प्रकार, आणि बाहेरून भरता येतील अशा रकान्यांची ठरावीक यादी.

मग जुन्या सगळ्या नोंदी कागदी वहीशी पडताळल्या. दोन दिवस गेले. पण आता माझ्या तक्त्यातलं शून्य हे मोजलेलं शून्य आहे.