परतीचा नळ : चोळा पॉवर हाऊस ते गच्चीवरचा सौर बंब

आजचा धागा एका बादलीविषयी आहे.

ठाकुर्लीत ज्या इमारतींच्या गच्चीवर सौर बंब आहेत, तेथे खालच्या मजल्यावर पहाटे गरम पाण्याचा नळ सोडला की आधी बराच वेळ थंड पाणीच येते. एक इंची नळात मीटरमागे सुमारे अर्धा लिटर पाणी मावते. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतचे अंतर २५ मीटर असेल, तर रात्रभर निवालेले बारा लिटर पाणी वाहून गेल्यावाचून गरम पाणी पोहोचत नाही. जो सर्वांत आधी उठतो, त्याच्या वाट्याला ही जवळजवळ अख्खी बादली.

आपल्या आजीच्या तांब्याच्या बंबाला ही अडचण ठाऊक नव्हती. बंब न्हाणीतच असे. तोटी सोडली की पाणी थेट घंगाळात. जाळ एकीकडे आणि नळ दुसरीकडे गेला, तेव्हा नळातल्या थंड पाण्याचे काय करायचे हा प्रश्न जन्मला.

त्याचे एक जुने उत्तर माणसांच्या स्नानासाठी शोधलेलेच नव्हते. पॅरिसच्या बोन्मँ याने १७७७ मध्ये कोंबडीची अंडी उबवण्यासाठी गरम पाणी नळांतून फिरवले. गरम पाणी हलके म्हणून वर चढते, निवलेले जड होऊन बॉयलरच्या तळाशी परतते. पंपाची गरजच नाही. गच्चीवरच्या सौर बंबात तापणारे पाणी टाकीत चढते तेही याच न्यायाने, म्हणून टाकी पॅनेलच्या वर असते. पण तेथून खाली मात्र हा न्याय चालत नाही. गरम टाकी वर आणि निवलेला नळ खाली, अशा मांडणीत पाणी आपणहून फिरत नाही. त्याला ढकलावे लागते.

हे ढकलणारे यंत्र जर्मनीतील डॉर्टमुंड येथे विल्हेल्म ओप्लेंडर याने १९२८ मध्ये घडवले : घर तापवणाऱ्या नळांतील पाण्याला गती देणारा पंप. त्याचीच कंपनी पुढे 'विलो' झाली आणि पुण्याची 'मॅथर अँड प्लॅट पंप्स' आज तिच्याच छत्राखाली आहे.

गंमत अशी की त्याच सुमारास पाणी परत आणण्याचे फार मोठे तंत्र ठाकुर्लीत आकार घेत होते. जी.आय.पी. रेल्वेने कल्याणपुढचे पुणे आणि इगतपुरीचे घाटमार्ग १९२९-३० पर्यंत विजेवर आणले. त्या विजेसाठी चोळ्याचे कोळशावरचे पॉवर हाऊस उभे राहिले. अशा वीजकेंद्रात बॉयलरमधली वाफ टर्बाइन फिरवते, कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी होते आणि पंप ते पाणी बॉयलरकडे परत ढकलतो. यात उष्णता वाचतेच. शिवाय शुद्ध केलेले पाणी पुन्हा मिळाल्याने नळ्यांत क्षारांचे थर कमी बसतात. शेजारच्या रुळांवरून जाणारे वाफेचे इंजिन मात्र आपले पाणी धुराड्यातून आकाशात सोडून देई, आणि म्हणूनच त्याला वाटेत पाणी भरायला थांबावे लागे. एकाच रेल्वेची ही दोन यंत्रे; एकाला परतीचा मार्ग होता, दुसऱ्याला नव्हता.

या शतकाच्या पहिल्या दशकात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांनी नव्या इमारतींना सौर बंब बंधनकारक केले. निर्णय चांगलाच होता. पण बंब बसवणे वेगळे आणि परतीचा नळ टाकणे वेगळे. माझ्या मते खरी चूक या दुसऱ्या नळात आहे, बंबात नाही.

आता पंप स्वतः बसवण्याविषयी. गीझर न्हाणीघरातच असेल तर पैसे वाया घालवू नका. तेथे निवलेले पाणी तांब्याभरही नसते. स्वतःचा बंगला आणि स्वतःची टाकी असेल, तर हे काम हातचे आहे. सर्वांत दूरच्या नळापासून टाकीपर्यंत परतीचा नळ, त्यावर टाकीजवळ २० ते ५० वॅटचा पंप आणि पाणी उलटे जाऊ न देणारा वॉल्व्ह. पंपावरचा बाण टाकीकडे हवा, मोटरचा दांडा आडवा हवा, आणि सुरू करण्यापूर्वी नळातली हवा काढून टाकावी. वीजजोडणीला अर्थिंग आणि गळतीरोधक स्विच लागतोच. ते काम वायरमनकडे सोपवावे. टायमर विसरू नये. पंप रात्रभर फिरला तर नळांच्या भिंतींतून उष्णता निघून जाते आणि पहाटे टाकीच कोमट होते.

परतीचा नळ नसेल तर शेवटच्या बेसिनखाली गरम आणि थंड नळ जोडणारा वॉल्व्हही मिळतो. निवलेले पाणी थंड नळातून परतते. बंगल्यात हे चालते. सामाईक नळांच्या इमारतीत मात्र तुमचे कोमट पाणी शेजाऱ्याच्या थंड नळात जाऊ शकते, म्हणून तेथे एकट्याने हा उद्योग करू नये. तेथे विषय सोसायटीच्या सभेत न्यावा लागतो. त्याआधी एकदा गच्चीवर जाऊन पाहावे : गरम टाकीपासून खाली नळ एकच उतरतो की दोन?