गिरवणं आणि पाहणं : कॉन्स्टेबल क्लोदकडून काय शिकला?

‘नक्कल’ म्हटलं की आपण नाक मुरडतो. ‘गिरवणं’ म्हटलं की मात्र कुणाची तक्रार नसते. इंग्लंडच्या खेड्याचा चित्रकार म्हणून जॉन कॉन्स्टेबलविषयी आपण पॉडकास्टमध्ये बोललो. इथे त्याच्या गिरवण्याकडे बघू.

कॉन्स्टेबलचा जन्म १७७६चा, सफोकमधल्या ईस्ट बर्गहोल्ट गावचा. वडील गिरणीमालक. जवळच्या डेडममध्ये सर जॉर्ज बोमाँट या चित्रसंग्राहकाची आई राहायची. तिथे १७९५च्या सुमारास त्याने क्लोद लोरेंचं ‘हागार आणि देवदूत’ (१६४६) पाहिलं. चित्र जेमतेम ५२ सेंटिमीटर उंच. बोमाँटचा त्यावर इतका जीव, की प्रवासातही ते सोबत न्यायचा.

पुढे कॉन्स्टेबल लंडनला रॉयल अकादमीत शिकला. जुन्या उस्तादांची चित्रं उतरवून काढणं हा तेव्हाच्या शिक्षणाचा भागच होता. पण १८०२मध्ये तो या सगळ्याला कंटाळला. गावाकडचा चित्रकार-मित्र जॉन डनथॉर्न याला त्याने लिहिलं, की आपण चित्रांच्या मागे धावून उसनं सत्य शोधत बसलो. आता थेट निसर्गाकडे जायचं. गोष्ट इथे संपली असती तर सोपी होती.

गंमत अशी, की त्याच वर्षीच्या ‘डेडम व्हेल’ या चित्रात शेतं, नदी, चर्चचा मनोरा सगळं त्याच्या गावाकडचं आहे, पण मांडणी क्लोदची! उभा कॅनव्हास, बाजूला उंच गडद झाडं, मधून नजर दूरच्या उजेडाकडे. डोळ्यांसमोर पसरलेल्या खोऱ्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं, हे खोरं स्वतः सांगत नाही. ते त्याला क्लोदने सांगितलं.

गिरवण्यात धोकाही होता. जुन्या चित्रांवरचं व्हार्निश तपकिरी पडतं, आणि लोक तो तपकिरी रंगच आदर्श मानायचे. बोमाँटने निसर्गचित्राला जुन्या व्हायोलिनचा रंग सुचवला, तेव्हा कॉन्स्टेबलने व्हायोलिन हिरव्या गवतावर ठेवून दाखवलं, असा किस्सा त्याचा चरित्रकार लेस्ली सांगतो. मांडणी क्लोदची घ्यायची, काळाने चढवलेला रंग नाही.

तरी १८२३मध्ये, ‘द हे वेन’ रंगवून दोन वर्षं झाल्यावर, ४७ वर्षांचा हा माणूस लेस्टरशरमधल्या बोमाँटच्या घरी काही आठवडे राहून विद्यार्थ्यासारखा क्लोद गिरवत होता. लंडनमध्ये पत्नी मारिया आणि मुलं वाट पाहत होती. त्या मुक्कामात केलेली ‘गुराखी आणि शेळ्या’ या चित्राची प्रत आज सिडनीत आहे.

१८२८मध्ये त्याने डेडमचं तेच दृश्य पुन्हा रंगवलं, आता जवळजवळ दीड मीटर उंच. घरातून पळून गेलेल्या हागारच्या जागी इथे बाळाला घेऊन बसलेली एक भटकी बाई आहे. मांडणी अजून ओळखू येते. पण ओलसर हवा, धावते ढग, पानांवरचा उजेड त्याने स्वतः, वर्षानुवर्षं उघड्यावर बसून मिळवलेला.

‘हागार’ लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे आणि १८०२चं ‘डेडम व्हेल’ व्ही अँड एच्या. भिंतीवर नसतील तर संकेतस्थळांवर शेजारी-शेजारी उघडा. आधी काय सारखं आहे ते शोधा, मग काय वेगळं आहे ते. कॉन्स्टेबलचं शिक्षण त्या दोन यादींच्या मध्ये झालं.