खाट की घर? दारू सोडण्याच्या पहिल्या आठवड्याचा इतिहास

१/
वर्षानुवर्षे रोज मद्यपान करणारा माणूस एके दिवशी एकाएकी थांबतो. काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतरच्या दोन दिवसांत काहींना भिंतीवर किडे-मुंग्या दिसू लागतात, स्थळकाळाचे भान सुटते, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. हा आठवडा त्याने रुग्णालयातील खाटेवर काढावा की स्वतःच्या घरी? वैद्यकाने या रोगाला नाव दिले १८१३ मध्ये. या प्रश्नाची काटेकोर परीक्षा झाली १९८९ मध्ये. मधल्या १७६ वर्षांचा हा धागा.

२/
प्रारंभी दोन संज्ञा. शरीराची दारूची सवय सुरक्षितपणे उतरवण्याच्या उपचाराला डिटॉक्स किंवा विषमुक्ती म्हणतात. रुग्णालयात दाखल होऊन ती घेणारा आंतररुग्ण. घरी राहून रोज दवाखान्यात तपासणीस येणारा बाह्यरुग्ण. व्यसनमुक्ती ही त्यापुढची महिन्यांची, वर्षांची वाट आहे. विषमुक्ती हा तिचा उंबरठा. इतिहासात या दोहोंची गल्लत दीर्घकाळ झाली आणि तिची किंमत रुग्णांनी मोजली.

३/
इंग्लंडमधील केंट परगण्यात काम केलेले डॉक्टर थॉमस सटन यांनी १८१३ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या अवस्थेस ‘डिलिरियम ट्रेमेन्स’, म्हणजे थरकापासह येणारा भ्रम, हे नाव दिले. तोवर अनेक डॉक्टर तिला मेंदूचा दाह समजत आणि तत्कालीन रीतीप्रमाणे रुग्णाचे रक्त काढत. रक्त काढल्याने हा रुग्ण खालावतो, अफू देऊन झोप लागली तर सावरतो, असे सटन यांचे निरीक्षण होते.

४/
रोग ओळखला गेला. कारणाचा वाद मात्र पुढे १४० वर्षे चालला. दारूचे विष मेंदूत भिनून हे घडते, उपासमारीने घडते, की दारू तुटल्याने घडते? हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. दारू हेच कारण असेल तर माणसाला तिच्यापासून दूर कोंडून ठेवले की काम झाले. दारू तुटणे हे कारण असेल, तर कोंडल्यानंतरचे तीन-चार दिवस हाच सर्वांत घातक काळ ठरतो.

५/
एकोणिसाव्या शतकाने कोंडण्याचा मार्ग निवडला. १८६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे केवळ मद्यासक्तांसाठी बांधलेले भव्य आश्रयगृह सुरू झाले. ब्रिटनने १८७९ मध्ये सराईत मद्यपींसाठी कायदा केला: इच्छुकाने स्वतः अर्ज करायचा आणि त्यानंतर ठरल्या मुदतीपर्यंत बाहेर पडता येणार नाही. १८९८ च्या कायद्याने मद्यपी गुन्हेगारांना सुधारगृहात धाडण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. येथे भिंतीचा हेतू माणसाला मोहापासून अडवण्याचा होता. पहिल्या आठवड्यावर वैद्यकीय पहारा ठेवण्याची कल्पना अद्याप रुजलेली नव्हती.

६/
याच काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ड्वाइट नावाच्या लहानशा गावी वेगळाच प्रयोग चालू होता. १८७९ पासून डॉ. लेस्ली कीली यांनी ‘सोन्याचा उपचार’ विकावयास आरंभ केला. रुग्ण गावातल्या हॉटेलांत आणि खाणावळीच्या घरांत मोकळे राहत व दिवसातून चार वेळा रांगेत उभे राहून दंडात सुई टोचून घेत. औषधातील घटक गुप्त होते आणि सोन्याचा दावा संशयास्पदच राहिला. तरी आरंभी व्हिस्की एकदम न तोडता कमी करत नेणे, कुलूप नसणे आणि रोज ठरल्या वेळी तपासणीस येणे, या गोष्टी पुढच्या शतकातील बाह्यरुग्ण विषमुक्तीच्या जवळ जाणाऱ्या होत्या.

७/
सर्वसाधारण रुग्णालये मात्र या रुग्णांना दारातही उभे करीत नसत. दारुडा गोंधळ घालतो, बिल बुडवतो आणि आजार त्याने ओढवून घेतलेला असतो, हा समज पक्का होता. १९३९ मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चे एक संस्थापक डॉ. बॉब स्मिथ यांच्या विनंतीवरून सिस्टर इग्नेशिया यांनी सेंट थॉमस रुग्णालयात एका मद्यासक्ताला दाखल करून घेतले. कागदावर निदान लिहिले गेले ‘तीव्र जठरदाह’. इतरांपासून अलग ठेवण्यासाठी त्याची खाट हलवली गेली ती फुले सजवण्याच्या खोलीत. खाट मिळवण्यासाठी रोगाचे नाव लपवावे लागत होते.

८/
ज्यांना अशी सिस्टर भेटली नाही, त्यांच्या वाट्याला पोलीस कोठडी आली. रस्त्यावर झिंगलेला सापडला की आत टाकायचा आणि शुद्धीवर आला की सोडायचा किंवा शिक्षा सुनवायची, ही अमेरिकेतील शहरांची नित्याची पद्धत होती. अशा कोठडीत फिट किंवा भ्रम सुरू झाला तर पहारेकऱ्याला ती नशाच वाटे. आश्रयगृह असो वा कोठडी, सक्ती होती; उपचार नव्हता.

९/
कारणाचा वाद मिटला तो १९५० च्या दशकात. बॉस्टनमधील मॉरिस व्हिक्टर आणि रेमंड अ‍ॅडम्स यांनी १९५३ मध्ये रुग्णालयातील निरीक्षणे मांडली: थरकाप, फिट आणि भ्रम यांचा क्रम दारू थांबल्याच्या वेळेशी जुळतो. १९५५ मध्ये हॅरिस इस्बेल व सहकाऱ्यांनी केंटकीतील लेक्सिंग्टन येथे केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पूर्वी मॉर्फिनचे व्यसन असलेल्या दहा पुरुषांना पुरेसा आहार आणि जीवनसत्त्वे देत आठवडेच्या आठवडे मोठ्या प्रमाणात मद्य पाजले गेले आणि मग ते एकाएकी बंद केले गेले.

१०/
सर्वांत जास्त काळ, म्हणजे ४८ ते ८७ दिवस, प्यालेल्या सहा जणांत गंभीर लक्षणे उमटली. काहींना फिट आल्या, काहींना पूर्ण भ्रम झाला. खाणेपिणे उत्तम असूनही हे घडले, त्यामुळे उपासमारीचा सिद्धांत मागे पडला. हे ज्ञान ज्या संस्थेत मिळाले तेथे कैदी रुग्णही ठेवले जात. अशा ठिकाणी दिलेली संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न पुढील पिढ्यांनी विचारला आणि आज असा प्रयोग कोणतीही नीती-समिती मंजूर करणार नाही. विषमुक्तीच्या प्रत्येक सुरक्षित खाटेखाली या दहा जणांचे ऋण आहे.

११/
यामागची यंत्रणा नंतर उलगडली. दारू मेंदूतील शामक संदेश वाढवते आणि उत्तेजक संदेश दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट दिशेने ताण देतो. दारू अचानक निघून गेली की तो ताण तसाच उरतो: रस्सीखेचीत समोरच्या गड्याने दोर एकदम सोडावा तसे मेंदूचे होते. थरकाप, फिट, भ्रम ही सारी त्या अनावर उत्तेजनेची रूपे.

१२/
आता औषध हवे होते, आणि तेही वेळेवर आले. लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये ‘लिब्रियम’ या नावाने बाजारात आले. ते मेंदूतील त्याच शामक यंत्रणेला आधार देते आणि शरीरातून सावकाश उतरते. १९६९ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून ५३७ रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध झाली. चार औषधे आणि एक निष्क्रिय गोळी यांत फिट व भ्रम टाळण्यात हेच औषध सरस ठरले. सोबत थायमिन, म्हणजे ‘ब१’ जीवनसत्त्व, देण्याची रीतही दृढ झाली. त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होते.

१३/
गोळी हाती आल्यावर जुना प्रश्न नव्याने उभा राहिला: मग खाट कशाला? १९६७ मध्ये लंडनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स यांनी चाळीस पुरुषांवर व्यसनोपचाराची तुलना करून दाखवले की दाखल केलेले आणि घरून येणारे यांच्या प्रगतीत लक्षणीय फरक पडला नाही. दुसरीकडे, अमेरिकेतील सेंट लुइस येथे १९६६ मध्ये पोलिसांच्याच पुढाकाराने कोठडीऐवजी विषमुक्ती केंद्र उघडले. १९७१ च्या आदर्श कायद्याने, नशेत असणे हा गुन्हा न मानता उपचाराचा विषय मानावा, अशी दिशा राज्यांना दिली. कोठडी रिकामी करायची तर हजारो माणसांसाठी जागा हवी होती, आणि प्रत्येकासाठी रुग्णालयात खाट परवडणारी नव्हती.

१४/
१९७५ मध्ये ५६४ बाह्यरुग्णांचे अनुभव प्रसिद्ध झाले. घरी राहून विषमुक्ती शक्य आहे, असे त्यातून दिसले. पण शंका राहिली: मुळात सौम्य त्रास असलेलेच घरी पाठवले गेले असतील, तर निष्कर्षाला अर्थ काय? शंका फेडायची तर एकाच प्रकारच्या रुग्णांची चिठ्ठी टाकावी तशी विभागणी करणे आवश्यक होते.

१५/
तो अभ्यास फिलाडेल्फियात झाला. मोटोई हायाशिदा व सहकाऱ्यांनी तो १९८९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. सौम्य ते मध्यम लक्षणे असलेले, गरीब थरातील १६४ माजी सैनिक निवडले गेले. ८७ जण घरून येऊ लागले, ७७ जण दाखल झाले. बाह्यरुग्णांचे उपचार सरासरी ६.५ दिवस चालले, आंतररुग्णांचे ९.२ दिवस. घरून येणाऱ्या प्रत्येकाचा खर्च १७५ ते ३८८ डॉलर. दाखल झालेल्याचा ३,३१९ ते ३,६६५ डॉलर.

१६/
विषमुक्ती पूर्ण केली ती दाखल झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी आणि घरून येणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी. गंभीर वैद्यकीय गुंतागुंत कोणत्याही गटात झाली नाही. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा दोन्ही गट सुधारलेले होते आणि त्यांच्यात फरक उरला नव्हता. खाट पहिला आठवडा पार पाडण्यास मदत करते. पुढील सहा महिन्यांवर तिची सत्ता चालत नाही. विषमुक्ती आणि व्यसनमुक्ती यांची जुनी गल्लत या आकड्यांनी मोडली.

१७/
तथापि या अभ्यासातील निवड विसरता कामा नये: त्रास सौम्य ते मध्यम असलेल्यांपुरतेच हे उत्तर आहे. पूर्वी फिट किंवा भ्रम झालेला, यकृत वा हृदयाचा गंभीर आजार असलेला, आत्महत्येचे विचार येणारा किंवा घरी सोबतीला कोणी नसलेला माणूस आजही खाटेचाच हक्कदार मानला जातो. निवड कशी करावी, यासाठीचे साधनही १९८९ मध्येच सुधारित रूपात आले. मळमळ, थरकाप, घाम, अस्वस्थता, भास अशा दहा लक्षणांना गुण देणारी ही मोजपट्टी ‘सीवा-एआर’ या नावाने जगभर वापरली जाते. कमाल गुण ६७. रुग्णाचा पूर्वेतिहास आणि घरची परिस्थिती मात्र तिच्या बेरजेत बसत नाही. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी लागते.

१८/
महाराष्ट्रात हा प्रश्न पुण्याच्या मुक्तांगणमुळे घराघरांत पोहोचला. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या केंद्रात रुग्ण दाखल होतो, आधी त्याचे शरीर सावरले जाते आणि मग समुपदेशन व समूहजीवन सुरू होते. मद्यपाश ज्या घरात, ज्या मित्रमंडळीत आवळला गेला तेथून काही काळ दूर जाणे, हा या निवासाचा हेतू. तमिळनाडूतील मंजक्कुडी येथे चेन्नईच्या टीटी रंगनाथन प्रतिष्ठानने तिसरा मार्ग दाखवला: उपचारांचे शिबिरच गावात भरवायचे, म्हणजे रोजंदारी करणाऱ्याला शहर गाठावे लागत नाही आणि शेजारीपाजारी उपचाराचे सोबती होतात.

१९/
या इतिहासातून आजच्या वाचकाने एक गोष्ट निश्चित घ्यावी. रोज भरपूर पिणाऱ्या आप्ताने ‘उद्यापासून बंद’ म्हटले, की घरच्यांना आनंद होतो आणि काही घरांत त्याला खोलीत कोंडलेही जाते. त्या क्षणी आधी डॉक्टरांना गाठावे. खाट की घर, हा निर्णय तपासणीनंतर घ्यावा. फिट, भास, असंबद्ध बडबड, चढता ताप यांपैकी काहीही दिसल्यास थेट रुग्णालय. कोंडलेल्या खोलीत तिसऱ्या रात्री काय घडू शकते, हे वैद्यक १८१३ पासून लिहून ठेवत आले आहे.

(धागा समाप्त)