पूररेषा नकाशा

नदीला पूर आल्यावर पाणी कुठवर पसरू शकते हे दाखवणारा नकाशा. महाराष्ट्रात जलसंपदा विभागाच्या आखणीनुसार त्यावर दोन रेषा असतात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, तर 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र आणि दोन्ही रेषांच्या मधे नियंत्रित क्षेत्र.

हे रंग सामान्य वाचकाला चकवतात. सिग्नलमुळे लाल म्हणजे धोका हे डोक्यात पक्के बसलेले असते. इथे मात्र आधी बुडते ते निळ्या रेषेच्या आतले घर. वर्षांचा हिशेबही असाच फसवा आहे. ‘100 वर्षांतून एकदा’ म्हणजे दरवर्षी 1 टक्का शक्यता. गृहकर्जाची मुदत 30 वर्षांची धरली, तर लाल रेषेवरच्या घराला तेवढ्या काळात एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता सुमारे 26 टक्के आणि निळ्या रेषेवरच्या घराला सुमारे 71 टक्के होते. नकाशाच्या कोपऱ्यात हे दोन आकडे ठळक छापले, तर घर घेणाऱ्याला त्याच्या कामाचे बरेच कळेल.

उल्हास नदीकाठच्या शहाडला या नकाशाचे मोल मोठे आहे. 26 जुलै 2005 च्या पुराने बदलापूर–कल्याण पट्टा बुडवला. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणीदरम्यान पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांची सुटका करावी लागली. शहाड कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महापालिकांच्या सीमेवर आहे. हद्दीपाशी थांबणारा नकाशा इथे अपुराच पडतो. काठ दोन्हीकडून सलग दाखवायला हवा.

पुराची माहिती लोकांच्या अंगवळणी कशी पडते हे सांगलीत दिसते. तिथे आयर्विन पुलावर पाणी 40 फुटांवर गेले की इशारा, 45 वर धोका. कितव्या फुटाला आपल्या गल्लीत पाणी शिरते हे सांगलीकर तोंडपाठ सांगतात, कारण आकडा एकच आहे आणि तो थेट घराशी जोडलेला आहे. समुद्रसपाटीपासूनचे मीटर सांगणाऱ्या नकाशाला हे साधत नाही. शहाडच्या गल्लीतल्या विजेच्या खांबावर 2005 च्या पुराची पातळी रंगवली, तर ती शाळकरी मुलालाही वाचता येते.

शहाडला नदीकडेच्या इमारतीत घर घेणाऱ्याने संबंधित महापालिकेच्या नगररचना विभागात हा नकाशा मागून आधी निळी रेषा शोधावी.