डेरा, राहुटी आणि पाल

पुण्यात फरासखाना म्हटले की आज पोलीस ठाणे आठवते. फरास म्हणजे डेरे उभारणारा, बिछायती घालणारा माणूस. फरासखाना म्हणजे त्याच्या सामानाचे कोठार. खात्याचे नाव शहराच्या तोंडी राहिले, पण त्या खात्यात मेखा ठोकणाऱ्या एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही. आम्ही कामगारांच्या वस्त्यांत हिंडणारी माणसे. इतिहास वाचतानाही नजर त्या मेखांकडेच जाते. महिनोन् महिने उघड्या रानात राहावयाचे तर डोक्यावर कोणते छप्पर घ्यावे, हा प्रश्न वरवर फरासाचा आहे. परंतु महाराष्ट्रात त्याच्या उत्तरावर फौजा तरल्या आणि दमल्याही.

बादशाही उत्तर प्रथम पाहू. अबुल फझलाने ऐन-ए-अकबरीत एका मुक्कामाचा हिशेब दिला आहे. सामान हलविण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. उभारणीस १,००० फरास. शिवाय ५०० बेलदार, १०० भिस्ती, १५० झाडूवाले. असे संच दोन असत. बादशहा एकात झोपलेला असता दुसरा पुढच्या मुक्कामी उभा राही. त्यास पेशखाना म्हणत. असल्या थाटाची सवय घेऊन औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, मरण पावेपर्यंत उत्तरेस परतला नाही. जेमेली करेरी या इटालियन प्रवाशाने १६९५ मध्ये गलगले येथे ही छावणी पाहिली. तिचा घेर तीस मैलांचा असल्याचे त्याने नमूद केले आहे. त्याच वर्षापासून भीमाकाठी ब्रह्मपुरीस चार वर्षे तळ पडला. तंबूंचे हे शहर उठावयाचे म्हटले म्हणजे आधी जनावरे हवीत, जनावरांस वैरण हवी, आणि वैरण आणावयास गेलेल्या टोळीवर मराठे टपलेले असत.

१७०० च्या ऑक्टोबरात हा तळ माण नदीकाठी खवासपूर येथे, काही भाग तर नदीच्या कोरड्या पात्रातच पडला होता. रात्री वरच्या अंगास झालेल्या पावसाचा लोंढा आला. माणसे, जनावरे, सामान वाहून गेले. गडबडीत खुद्द बादशहाचा पाय घसरून गुडघा निखळला आणि पुढे तो लंगडतच चालला. कापडात उणीव नव्हती. कापड कोठे पसरावे, हे चुकले. माणदेशातल्या कोणत्याही मेंढक्याने ते सांगितले असते, पण त्यास विचारतो कोण!

मराठ्यांनी उत्तर वेगळे काढले. सभासदाच्या बखरीत शिवकालीन लष्कराची रीत दिली आहे: पावसाळ्यात फौज आपल्या मुलखात छावणीस यावी, माणसांसाठी व घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे तयार असावीत, दाणा आणि औषधे साठविलेली असावीत, आणि दसरा होताच कूच करावे. म्हणजे कापडावर आठ महिन्यांचाच भार. उरलेल्या चार महिन्यांस गवत. छावणी हा शब्दच मुळी छप्पर घालण्यावरून, शाकारण्यावरून आला आहे. सह्याद्रीच्या पावसात कापडाखाली चार महिने काढण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही, यातच त्यांचे शहाणपण आम्हांस दिसते. गवताचा धोका वेगळा, तो म्हणजे आग. १९ मे १६७३ चे, चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांस धाडलेले महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. रयतेस काडीचाही उपद्रव देऊ नये, एवढाच भाग सभांतून सांगितला जातो. त्याच पत्रात चुलीचा विस्तव, चिलमी आणि उंदराने ओढून नेलेली दिव्याची जळती वात यांच्याविषयी ताकीद आहे, ती आम्हांस तितकीच मोलाची वाटते. गवताच्या छपराखाली झोपणाऱ्याची काळजी रात्रीच्या उंदरापर्यंत करणारा मालक आमच्या पाहण्यात फारसा आलेला नाही.

पुढे ही रीत मागे पडली. पानिपतच्या स्वारीतील तंबू रेशीम व बनात लावलेले, वर सोनेरी कळस असलेले होते, असे ग्रँट डफने लिहिले आहे. मोगलांचा डेरा मराठ्यांच्या पाठीवर आला, तो असा.

आता कापडाचे दोन शब्द. सुताचे जाड कापड भिजले की धागे फुगतात, छिद्रे बुजतात आणि पाणी बाहेरून ओघळून जाते. मात्र आतून कोणी हात लावला तर तेथून गळू लागते. दोन कापडांत वीतभर हवा ठेवली तर ऊन निम्मे बाहेर राहते. सुताचे तणावे भिजून आखडतात, म्हणून पाऊस लागताच ते सैल करावे लागतात, नाही तर मेख उपटते. ओला डेरा तसाच घडी केला तर बुरशीने कुजतो. तेव्हा सुती डेरा टिकावयाचा तर रात्री उठून तणावे पाहणारा माणूस हवा. हा माणूस बादशहापाशी हजार होते. मजुरापाशी तो स्वतःच आहे, आणि दिवसभर राबून आलेला आहे.

धनगराने म्हणूनच आपले पाल लहान ठेवले. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरावयाचा, पावसाआधी परतावयाचे. घोड्याच्या पाठीवर चूल, कोंबड्या आणि पोराबरोबर मावेल तेवढेच घर. जागा त्याने निवडलेली, कापडही त्याचेच.

ज्याने निवडलेले नाही, त्याचा इतिहास आमच्या शेजारीच बोर घाटात आहे. १८५६ ते १८६३ या काळात तेथे लोहमार्ग झाला. जानेवारी १८६१ मध्ये त्या कामावर ४२,००० हून अधिक मजूर होते. तात्पुरत्या झोपड्यांत ते राहिले आणि पटकी व तापाने हजारोंनी मेले. बोगद्यांची मोजमापे इंचापर्यंत मिळतात. त्या झोपड्यांचे एक मोजमाप मिळेल तर शपथ.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठी नवी मुंबई उभी राहू लागली. ती बांधणारे आले ते पालांतच. येथे वर्षाला १०० इंचांच्या आसपास पाऊस, आणि प्लास्टिकची ताडपत्री उन्हात श्वास घेत नाही, वाऱ्यात एका हंगामात फाटते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकावर कामाजवळ विनामूल्य निवारा आणि स्वयंपाक, न्हाणी, धुणे, शौचालय यांची सोय करण्याचे बंधन घातले. कायदा आम्ही अनेकदा वाचून दाखविला. एका बांधकामावरील बायांना आम्ही विचारले, तुम्हांस निवाऱ्यात काय हवे? त्यांनी ताडपत्रीचे नाव काढले नाही. पाणी आत येणार नाही असे दोन हात उंच जोते, उभे राहून भाकरी थापता येईल एवढी उंची, आणि दाराला आतून कडी, असे त्यांनी सांगितले. आम्ही ते तसेच लिहून ठेकेदाराकडे दिले. आठवड्याने ट्रक आला. त्यात ताडपत्र्या होत्या, निळ्या, कोऱ्या करकरीत.